अळवातला बेडूक

आमच्या घरात चुलीच्या मागच्या खुंटीला एक लोखंडी सळई टांगलेली असायची. हातभर लांब, एका टोकाला लाकडी मूठ, आणि दुसरं टोक वळवून रुपयाएवढं वेटोळं केलेलं. ती आप्पांच्या वडिलांची. जनावर सुजलं, माणसाला कावीळ झाली, तान्ह्या पोराचं पोट फुगलं की निपाणीपर्यंतच्या गावांतले लोक माझ्या वडिलांकडं, आप्पांकडं, डाग घ्यायला यायचे. डाग म्हणजे ती सळई लाल करून दुखऱ्या जागेवर टेकवायची. आप्पा त्याचा नारळसुद्धा घेत नसत, त्यामुळं त्यांना गावात मान होता. डाग फक्त रविवारी द्यायचा आणि घेणारा उपाशी पोटी पाहिजे, एवढाच त्यांचा नेम.

रविवार म्हटलं की मला अजून आवाजच आठवतात. बैल दोर लावून आडवा पाडला की जमिनीला बसणारा दणका. मग एक शांतता, तेवढ्यात आप्पांचं "धर, धर, मुंडी धर!" आणि मग तो हंबरडा. केस जळल्याचा वास अंगणातून आत यायचा, आणि आत आई जोंधळ्याच्या भाकरी थापत असायची. दोन्ही वास एकात एक मिसळायचे. आजही माझ्या हातून भाकरी करपली तर मी तवा घेऊन बाहेर जाते. सुना म्हणतात, आत्ती, किती करता? त्यांना मी काय सांगणार? लहान पोरांना डाग द्यायचा असला की आई त्यांचे पाय धरायची. माझं काम निखाऱ्यांचं. फुंकणीनं निखारे फुलवायचे आणि सळईकडं बघत बसायचं. आप्पा बाहेरून ओरडायचे, "मुके, झाली का लाल?" मी बोलायची नाही, दारात जाऊन मान हलवायची. मी बोलत नव्हते म्हणून माझं नाव मुकी पडलं होतं. चौथी झाल्यावर आप्पांनी मला शाळेतून काढलं, तेव्हा मास्तर घरी येऊन म्हणाले, पोरगीचं अक्षर चांगलं आहे. आप्पा म्हणाले, "तोंड उघडत न्हाय, अक्षर घिऊन काय करायचं?" माझ्याही बेंबीखाली एक डाग आहे. सहा महिन्यांची असताना दिलेला. तो माझ्याबरोबर वाढला, आता ताटलीएवढा झाला आहे.

आप्पांचा हात मोठा होता आणि तो कशावरूनही उठायचा. चहात गूळ कमी पडला, तंबाखूच्या वाफ्याला पाणी जास्त झालं, कुत्रं भुंकलं. माझा थोरला भाऊ अण्णा बावीस वर्षांचा होता, वखारीत तंबाखूची पोती उचलायचा, दंड माझ्या मांडीएवढे. पण आप्पांनी कासरा उचलला की तो मान खाली घालून उभा राहायचा. मग आत जाऊन तो वहिनीला मारायचा. वहिनीला मारलं की आई मला फटका द्यायची, तिथं काय बघत उभी राहिलीस म्हणून. ज्याला जेवढं बसलं तेवढं तो पुढं द्यायचा. माझ्या पुढं कोणी नाही, असं मला वाटायचं.

वहिनी खानापूरकडची, गुंजीची. तिथं भात पिकतो, तांदळाची भाकरी खातात. आमच्याकडं आल्यावर तिला जोंधळ्याची भाकरी थापता येईना. थापताना फाटायची. आई म्हणायची, "भातवालीला हात न्हाईत." पण वहिनी अळूची भाजी अशी करायची की अण्णासुद्धा दुसऱ्यांदा मागायचा. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, चिंच, आणि वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. घराच्या मागं आड होता, त्याच्याजवळ धुणं धुवायचा दगड, आणि दगडाखालून सांडपाणी जायचं तिथं तिनं तो अळू लावला होता. मी अकरा वर्षांची, तरी ती मला रीतीप्रमाणं 'वन्सं' म्हणायची. "वन्सं, जरा पाणी वडा." "वन्सं, तुमचा दोस्त आलाय बघा."

दोस्त म्हणजे बेडूक. त्या धुण्याच्या दगडाखाली राहायचा. हिरवा, पाठीवर मधोमध पिवळी रेघ, आणि तोंड असं की कुणीतरी आत्ताच काहीतरी बोलून त्याचा अपमान केला आहे. सांजवेळी कंदील बाहेर ठेवला की तो अळवाच्या पानाखालून येऊन बसायचा आणि किडे टिपायचा. मी दगडावर बसून त्याच्याशी बोलायची. घरात दिवसभर जे बोलले नाही ते सगळं. वहिनी भांडी घासत ऐकायची आणि हसायची. "बेडकाच्या नशिबानं तुमचा आवाज तर ऐकाय मिळतोय आमास्नी."

त्या वर्षी मृगाचं आभाळ येऊन नुसतं उभं होतं. तेव्हा मला दिसलं की बेडकाचं पोट सुजलं आहे. दोन्ही बाजूंनी फुगून तो चपटा झाला होता, उडी मारायला गेला की एका अंगावर कलंडायचा. समोर किडा आला तरी जीभ काढीना. मी वहिनीला दाखवलं. तिनं आपल्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "माजंबी असंच झालंय, वन्सं."

चार महिने झाले तिचं पोट वाढत होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पण विटाळ तर येत होता, उलट जास्तच येत होता, म्हणून आई म्हणाली पोर कसलं आलंय, गोळा आहे. आप्पांनी पदरावरूनच बोटानं पोट दाबून बघितलं आणि तेही म्हणाले, गोळाच. येत्या रविवारी डाग द्यायचा ठरलं. तीन डाग, बेंबीच्या भोवती. अण्णा दारात उभा होता.

त्या दिवशी आडावर वहिनी मला हळू म्हणाली, "आत काय तरी हालतंय असं वाटतंय मला. पोर असंल तर?" मी तिच्याकडं बघितलं. "मामंजींस्नी सांगून बघितलं. म्हणाले, वायू फिरतोय." मग तिनं घागर उचलली. "पोर असंल तर जळंल की वो वन्सं आतल्या आत."

मला ते सगळं कळलं असं नाही. मला एवढंच कळत होतं की पोट फुगलं की डाग देतात, डाग दिला की माणूस ओरडतो आणि मग बरं होतं. मीही बरी झाले होते, तसं सगळे सांगायचे. बेडकाला मात्र कोण डाग देणार? आणि खरं सांगायचं तर आणखी एक विचार माझ्या मनात होता. बेडूक डाग घेऊन बरा झाला, तर वहिनीला सांगता येईल, भिऊ नका म्हणून.

शुक्रवारी दुपारी आप्पा आणि अण्णा वखारीत गेले, आई तंबाखूच्या वाफ्यांवर. वहिनी माडीवर शेणी रचत होती. सळईला हात लावायची माझी छाती नव्हती, आणि ती बेडकापुढं मोठीही होती. पोती शिवायचा दाभण होता, तो मी निखाऱ्यात घातला. बेडकाला ओल्या फडक्यात धरून आणलं. तो गार होता आणि त्याचा गळा माझ्या बोटांवर भराभर उडत होता. मी त्याला उताणा करून वेताच्या बुट्टीत ठेवला, आईसारखे त्याचे पाय एका हातानं धरले, आणि आप्पांसारखं म्हणाले, "झालं, झालं, हालू नको."

तो ओरडला. बेडूक असा ओरडतो हे मला ठाऊक नव्हतं. तान्ह्या पोरासारखा. मी दचकले आणि टेकवण्याऐवजी दाभण आत गेला. कातडी इतकी पातळ असते. फस्स असा आवाज झाला, पोट फाटलं, आणि आतून रक्ताबरोबर काळे-पांढरे दाणे बाहेर आले. भिजवलेल्या मोहरीसारखे, शेकड्यांनी. माझ्या बोटांवर, बुट्टीत, फडक्यावर. ते गळू नव्हतं, पू नव्हता. ती अंडी होती. माझा दोस्त म्हणजे बेडकी होती, आणि तिला काही झालेलंच नव्हतं. तिचा एक पाय माझ्या मुठीत बराच वेळ ढकलत राहिला. मग थांबला.

माझी नात हल्ली मोबाइलवर बघून मला सांगते, आज्जी, बेडकाला कोरड्या हातानंसुद्धा धरू नये, त्याची कातडीच पाणी पिते. मी म्हणते, व्हय का? आणि उठून दुसऱ्या खोलीत जाते.

मी ते दाणे ओंजळीत गोळा करून गाडग्यात पाणी घालून ठेवले. वाटलं, पोरं तरी होतील. मग दगडाजवळ ओकले. वहिनी खाली आली तेव्हा मी आडाच्या कठड्याला टेकून बसले होते. तिनं बुट्टी बघितली, दाभण बघितला, गाडगं बघितलं. मला वाटलं आता मारणार. तिनं खुरपं घेऊन अळवाच्या मुळाशी खड्डा काढला, सगळं त्यात ठेवलं, वरून माती दाबली, आणि माझा हात दगडावर धरून नखांतलं रक्त काढलं. मोठ्या माणसाचं नाही, लहान बहिणीचं काढावं तसं. "कुणाला बोलू नका," एवढं म्हणाली. मी कुणाला बोलणार होते?

रविवारी वहिनीला सकाळपासून पाणीसुद्धा दिलं नाही. सोप्यात घोंगडं अंथरलं होतं. शेजारच्या दोन बायका हात धरायला आल्या होत्या, त्यांतली एक वहिनीला म्हणत होती, "अगं एका दमाचं काम हाय. माझ्या म्हशीनं एवढा दंगा केला न्हवता." सगळ्या हसल्या. आई पायाशी बसली. अण्णा गोठ्यात जाऊन बसला होता आणि उगाचच बैलाला घासत होता. मी चुलीपुढं होते. फुंकणी माझ्याच हातात होती. सळई आधी काळी, मग चिंचेच्या रंगाची, मग उसाच्या पाकासारखी पिवळट लाल झाली. मी फुंकत होते. हे मला लिहिलंच पाहिजे, की मी फुंकत होते. सोप्यातून वहिनीचा आवाज आला, "मामंजी, पाया पडते, आत पोर असंल." मग आईचा, "गप, पड."

"मुके, झाली का लाल?"

मी दारात गेले नाही, मान हलवली नाही. आप्पा स्वतःच आत आले. त्यांनी मुठीकडं हात लांबवला आणि त्यांच्या आधी मी सळई ओढली. मूठ त्यांच्या बाजूला होती, म्हणून माझ्या हातात आलं ते मधलं लोखंड. हात चिकटला. मी मागच्या दारानं पळाले. पाठीमागून आप्पा, आणि त्यांच्या पाठीमागून बायकांचा आरडाओरडा. आडाशी पोचले आणि हात झटकला, तर ती सुटेना. पुन्हा झटकला तेव्हा कातडीसकट सुटली आणि खाली गेली. पाण्यात पडल्यावर तिचा आवाज झाला तो दाभणाच्या आवाजासारखाच, फक्त मोठा.

"तिच्या पोटात अंडी हाईत!" मी ओरडले. वर्षभरात घरातल्यांनी माझा एवढा आवाज ऐकला नसेल. "अंडी हाईत! अंडी हाईत!"

"मुकीला याड लागलं," आप्पा म्हणाले, आणि कासरा घेतला. पहिले चार-पाच मी मोजले. मग धुण्याच्या दगडावर तोंड आपटलं, पुढचे दोन दात गेले. मध्ये अण्णा आला. तो आप्पांचा हात धरेल असं मला वाटलं. त्यानं धरला नाही, पण तो माझ्यावर आडवा पडला आणि पुढचे सगळे त्यानं घेतले. दमल्यावर आप्पांनी कासरा टाकला. ते हरल्यासारखे आडात वाकून बघत होते. "बापाची सळई," ते म्हणाले. विळा तापवून देता आला असता, पण त्यांचा विश्वास त्या एकाच लोखंडावर. सळई काढायला पुढच्या रविवारपर्यंत वेळ आहे, असं ते शेजारच्या बायकांना म्हणाले, आणि जेवायला बसले. वहिनीनं त्यांना वाढलं.

मला आठवडा मिळाला होता. वहिनीच्या ट्रंकेत चार पोस्टकार्डं होती. लग्नात तिच्या दादानं गुंजीचा पत्ता घालून दिलेली, काही कमीजास्त झालं तर टाक म्हणून. पण तिला लिहिता येत नव्हतं आणि लिहून देणारं कोणी नव्हतं. रात्रभर माझा उजवा हात अळवाच्या पाण्यात बुडवून ती बसली होती. सकाळी तिनं ट्रंक उघडून कार्ड माझ्यापुढं ठेवलं. मी डाव्या हातानं लिहिलं. अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी आली. 'वैनीला डाग देणार हाईत. रविवारच्या आत या. सुली.' चौथीपर्यंत शिकले त्यातलं माझ्या उपयोगाला आलं ते एवढंच. शाळेच्या भिंतीला पेटी होती, तिच्यात टाकलं.

शनिवारी वहिनीचा दादा आला. रेल्वेत कामाला होता, खाकी कपड्यांतच आला होता. आप्पांनी त्याला चहा दिला, गूळ जास्त घालून. त्यानं कपाला हात लावला नाही. माझ्या हातावरच्या चिंध्या बघितल्या, अण्णाची पाठ बघितली. "भावजी, बैल जुपा," एवढंच म्हणाला. आप्पा उठून दारात आडवे झाले. "माझ्या घरची सून हाय." तेव्हा अण्णा, माझा अण्णा, बैलांना घेऊन गोठ्यातून बाहेर आला आणि आप्पांकडं न बघता म्हणाला, "आप्पा, सरका. बैल बुजतील." आणि आप्पा सरकले. मला वाटतं, बैलांना ते खरंच जपायचे.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात वहिनीचं पोट उघडलं. मूल नव्हतं. गोळाच होता, नारळाएवढा, पिशवीसकट काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी रक्त गेलं असतं तर बाई गेली असती. म्हणजे मी आडापाशी जे ओरडले होते ते चूक होतं, आणि आप्पांचं खरं. त्यांनी ते गावभर सांगितलं. "मी काय म्हणलं हुतं? गोळा! हात लावून सांगितलं हुतं!" नंतर कितीतरी वर्षं सांगत होते की तीन डागांत विरघळला असता, उगंच पोट फाडलं. सळई आडातून निघाली नाही. तळाशी गाळ फार होता. ते विळ्यावर कधीच आले नाहीत, आणि आमच्या घरी रविवार बंद झाले.

वहिनी दोन महिन्यांनी परत आली. अण्णानं तिच्यावर पुन्हा हात टाकला नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पण कमी टाकला. धुण्याच्या दगडाखाली दुसरा बेडूक आला होता. मी भीतभीत विचारलं, "वैनी, ह्येचंबी पोट फुगलंय का?" ती वाकून बघायला लागली तर टाके ओढले, म्हणून तशीच उभी राहिली. "फुगू दे," ती म्हणाली. "त्येला कायबी करायचं न्हाय, वन्सं. नुस्तं पाणी सोडा."

पुढं माझं लग्न होऊन मी कंग्राळीला आले. आप्पा म्हातारे झाले आणि शेवटी त्यांच्याच पोटात पाणी झालं. पोट ढोलासारखं, पाय खांबासारखे. दवाखान्यानं घरी पाठवलं. मी बघायला गेले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "मुके, डाग दे मला. ह्यास्नी कुणाला येत न्हाय. तू निखारं बघितल्यात." मी म्हणाले, सळई आडात आहे. "विळा घे," ते म्हणाले. ते विळा म्हणाले, तेव्हा मला कळलं की त्यांना किती दुखत असेल. त्या दिवशी रविवार होता. सकाळपासून त्यांनी पेजसुद्धा घेतली नव्हती.

मी वहिनीकडं बघितलं. तिचे केस पांढरे झाले होते. ती त्यांच्या पायाशी जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले. मी आत गेले, उलथनं घेतलं आणि मागच्या दारानं अळवात गेले. पाणी अजून तिथूनच जात होतं. दगडाखालच्या गारव्यात उलथनं घटकाभर बुडवून ठेवलं, मग पदराखाली धरून आत आणलं. "आप्पा, डोळं मिटा," मी म्हणाले. त्यांनी मिटले. ते गार लोखंड मी त्यांच्या पोटावर टेकवलं आणि तीनपर्यंत मोजलं.

आप्पा ओरडले. साऱ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, पाठ कमानीसारखी उचलली. वहिनीनं पाय घट्ट धरून ठेवले. मग ते हळूहळू खाली आले, आणि त्यांच्या तोंडावरची शीर न शीर सैल झाली. "बसला," ते म्हणाले. "आता उतरंल." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पाय कोन धरलंय?"

"मी हाय, मामंजी," वहिनी म्हणाली.

"सोड आता, पोरी," ते म्हणाले. तरी ती त्यांना झोप लागेपर्यंत धरून बसली. मी उलथन्याचं पाणी पदराला पुसलं आणि वाढायला उठले. वहिनीनंही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.